रेडिओला पॉलिश मारण्याआधी

घरात लग्न निघाले की रंगारी आणि सुतार येतात, आणि सुतार आला की जुन्या रेडिओवर संक्रांत येते. दरवाजाला पॉलिश, सोफ्याला पॉलिश, शोकेसला पॉलिश, मग कोपऱ्यातली ती लाकडी पेटी तरी का सोडायची? "तीपण घासून टाक रे," असे कुणीतरी जाता जाता म्हणते. अर्ध्या तासात साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कारागिराचे काम पॉलिश पेपरच्या भुकटीबरोबर जमिनीवर पडते आणि झाडूने बाहेर जाते. संध्याकाळी पेटी चकचकीत दिसते, घरचे खूश होतात, सुतार आपले पैसे घेतो. काय गेले ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आम्हाला जुन्या रेडिओंचा शौक आहे. सध्या आमच्याकडे नऊ आहेत. घरच्यांच्या हिशेबाने त्यांतले आठ जास्त आहेत. रेडिओ म्हटला की लोक आतल्या व्हॉल्व्हबद्दल विचारतात, सिलोन लागते का ते विचारतात. बाहेरच्या लाकडाबद्दल आणि त्याच्या पॉलिशबद्दल फारसे कुणी विचारत नाही. खरे तर रेडिओ कुठून आला, केव्हाचा आहे, त्याच्यावर आधी कुणी हात चालवला आहे का, या गोष्टी सांगण्यात पेटीचा बाहेरचा थर आतल्या तारांइतकाच बोलका असतो. म्हणून या महिन्यात त्या थराबद्दल.

आपल्या भागात परदेशी रेडिओ इतके कसे, हा प्रश्न आधी. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतली माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजावर खलाशी म्हणून गेली. कुणी कुवेत-बहरीनला, कुणी मोंबासा-झांजीबारला, कुणी थेट केपटाऊनला. एडन हे जकातमुक्त बंदर होते. जहाज तिथे थांबले की घड्याळे, कापड, रेडिओ यांची खरेदी ठरलेली. इकडे स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवर बंधने, त्यामुळे बाहेरचा माल दुकानात मिळणे मुश्कील. जो आला तो बहुतेक माणसाबरोबर, सामानात, चादरीत गुंडाळून आला. आपल्याकडेही रेडिओ बनू लागले होते, ठाण्याला मर्फीचा कारखाना होता, पण "बाहेरचा" रेडिओ म्हटल्यावर गावात जो रुबाब होता तो वेगळाच.

तिकडच्या कारखान्यांनाही हा माल बाहेर पाठवण्याची गरज होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडाला होता आणि सरकारने कारखानदारांच्या मागे परदेशी विक्रीचा तगादा लावला होता. मर्फी, बुश, पाय, एक्को, जीईसी, एचएमव्ही या सगळ्यांनी परदेशासाठी वेगळे सेट काढले. पन्नाशीच्या दशकात जर्मन कंपन्या जोरात आल्या: फ्युर्टची ग्रुंडिग, ब्रेमेनची नॉर्डमेंडे, काळ्या जंगलातल्या फिलिंगेनची साबा. शिवाय हॉलंडची फिलिप्स होतीच.

परदेशासाठी बनवलेला, म्हणजे एक्स्पोर्टचा सेट ओळखणे फार कठीण नाही. डायल वाचा. ब्रिटनमधल्या घरगुती सेटवर लाँग वेव्ह हमखास असे, कारण बीबीसीचा लाइट प्रोग्राम तिकडे १५०० मीटरवर लागत असे. आपल्याकडे लाँग वेव्हवर ऐकण्यासारखे काही नव्हते. म्हणून एक्स्पोर्टच्या सेटमध्ये बहुधा ती जागा शॉर्ट वेव्हला दिलेली असते आणि डायलवर १३, १६, १९, २५, ३१, ४१, ४९ मीटरचे पट्टे लांबलचक पसरलेले दिसतात. १९५२ नंतर आकाशवाणीवर फिल्मी गाणी जवळजवळ बंद झाली आणि सगळा हिंदुस्थान सिलोनकडे वळला. पुढे १९५७ मध्ये विविध भारती आली, १९६५ मध्ये आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस आली. पण ज्याच्या घरी पसरट पट्ट्याचा परदेशी रेडिओ होता त्याच्याकडे बुधवारी रात्री अंगणात माणसे बसत असत ती असत.

जर्मन सेटच्या बटणांवर तिकडच्या मालात एल, एम, के, यू अशी अक्षरे असतात. एक्स्पोर्टच्या मालात इंग्रजी. मागच्या पुठ्ठ्यावर 'मेड इन वेस्टर्न जर्मनी' असेल तर तो १९४९ नंतरचा. 'यू'चे बटण म्हणजे एफएम. आपल्याकडे एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झाले, म्हणजे कोकणातल्या त्या घरात हे बटण वर्षानुवर्षे मुलांनी दाबून पाहण्यापुरतेच होते. पन्नाशीतल्या बहुतेक जर्मन सेटचे एफएम १०० मेगाहर्ट्झपर्यंतच जाते, त्यामुळे आज चालू केला तरी मुंबईचे १०७.१ त्यावर लागणार नाही. कुणी "बिघडला आहे" म्हणून कमी भावात देत असेल तर हे लक्षात ठेवावे. (आम्ही ठेवले होते.)

आता पेटी. पहिली गोष्ट ही की "अक्रोडाचा रेडिओ" म्हणतात तो सगळा अक्रोडाचा कधीच नसतो. खाली प्लायवूड किंवा दुसरे स्वस्त लाकूड आणि वर अक्रोडाचा पातळ पापुद्रा, ज्याला सुतार विनिअर म्हणतात. हा पापुद्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. मशीनने पॉलिश पेपर फिरवणाऱ्याला हे माहीत नसेल तर कडेला तो केव्हा आरपार गेला हे त्याला कळायच्या आत खालचे पांढरे लाकूड दिसू लागते. त्यावर उपाय नाही.

मागचा पुठ्ठा काढून पेटीची कड पाहिली की हे थर मोजता येतात. समोरून पाहताना मधोमध एक उभी रेषा शोधा. तिच्या डाव्या-उजव्या बाजूचे रेघांचे नक्षीकाम पुस्तक उघडल्यासारखे एकमेकांचे आरशातले रूप असेल, तर एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे उघडून बसवले आहेत. हे खऱ्या विनिअरचे लक्षण. अक्रोडाचा रंग तपकिरी आणि त्यात गडद धावत्या रेषा. महोगनी लालसर. सापेले नावाचे आफ्रिकन लाकूड महोगनीसारखेच दिसते, पण त्यात रिबिनीसारखे चमकते पट्टे असतात आणि रेडिओ हलवला की उजेडाप्रमाणे पट्टे जागा बदलल्यासारखे वाटतात. ओकची छिद्रे लांबट, नखाला लागतील अशी. इकडे बनलेल्या पेट्यांत सागवान आणि शिसवी दिसते. ते ओळखायला आपल्या वाचकांना आमची गरज नाही, घरचा पलंग पुरे. अमेरिकेत तर तीस-चाळीसच्या दशकांत लाकडाच्या रेघांचे छापील चित्र चिकटवून वर रोगण दिलेले सेटही निघाले. भिंगातून पाहिले की छापील रेघेत छिद्रे दिसत नाहीत, ठिपके दिसतात.

ही झाली लाकडाची ओळख. पण खरी गंमत पुढे आहे. पुष्कळ परदेशी पेट्यांचा रंग लाकडात नसतोच. समोरचा पापुद्रा अक्रोडाचा असला तरी कडा, पाय, डायलभोवतीची पट्टी बीचसारख्या फिक्या लाकडाची असे. ती अक्रोडाशी जुळावी म्हणून कारखान्यात रोगणातच रंग मिसळून फवारत. म्हणजे गडद कडा आणि मधला उजळ भाग ही जी छटा आपल्याला आवडते ती त्या वरच्या थरात आहे. थर घासला की छटा गेली. मग पेटी गोरीमोरी, तीन रंगांची दिसते, आणि सुतार ती लपवण्यासाठी सगळीकडे एकच गडद रंग मारतो. आपल्याकडच्या बाजारातले निम्मे रेडिओ एकाच कॉफी रंगाचे का, याचे उत्तर हे आहे.

रोगण मुख्यत्वे तीन प्रकारचे.

पहिले लाखेचे. पळस, बोर, कोसम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राळेसारखा थर तयार करतो, ती लाख. आपल्या विदर्भात गोंदियाकडे ती गोळा होते, झारखंड-छत्तीसगडात त्याहून पुष्कळ. वितळवून तिचे पातळ चकतीसारखे तुकडे करतात, तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर दिला की जे होते त्याला आपला पॉलिशवाला लाखेचे पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतो. फ्रेंच नाव आणि माल आपल्या जंगलातला! ७८ आरपीएमच्या जुन्या तव्यांतही हीच लाख. वर्गात शब्दांच्या मागे लागण्याची आमची खोड वाचकांना माहीत आहे, म्हणून एवढे सांगून टाकतो: इंग्रजीतला 'लॅकर' आणि 'शेलॅक' हे दोन्ही शब्द आपल्या 'लाख'मधूनच तिकडे गेले, आणि आपण मराठीत ज्याला रोगण म्हणतो तो शब्द फारसीतून, उर्दूतल्या 'रोग़न'चा सख्खा भाऊ म्हणून आला. व्यापाराचे रस्ते शब्दकोशातही दिसतात.

दुसरे नायट्रोसेल्युलोजचे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हे बनते. बंदुकीच्या दारूच्या कुळातले आहे, त्यामुळे त्याचे थिनर काम करताना जवळ स्टोव्ह किंवा उदबत्ती नको. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी ते 'ड्यूको' या नावाने निघाले. ते मिनिटांत वाळते आणि पंपाने फवारता येते, म्हणून रेडिओच्या कारखान्यांनी ते लगेच उचलले. हाताने बोळा फिरवत बसले असते तर लाखो पेट्या झाल्या नसत्या. आपले रंगारी आजही फवाऱ्याच्या चकचकीत कामाला 'ड्यूको' म्हणतात, ते नाव तिथून आलेले.

तिसरे पॉलिएस्टरचे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून जर्मन पेट्यांवर ते दिसू लागते. काच ओतल्यासारखा जाड, खोल चकाकीचा थर. साठीच्या दशकात पेट्या चौकोनी झाल्या, रंग फिका झाला, सागवानाची तेल लावल्यासारखी मंद पेटी फॅशनमध्ये आली, तो वेगळा विषय.

ही तीन डोळ्यांनीही काही अंशी ओळखता येतात. लाख गरम बशीला आणि पाण्याला घाबरते. पेटीवर पांढरा गोल डाग असेल, कुणीतरी कधीतरी चहाचा कप ठेवलेला, तर बहुधा लाख. पावसाळ्यात ती पांढुरकी पडते आणि फार जुनी झाली की मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची होते. नायट्रो पिवळसर पडते आणि त्यात केसासारख्या बारीक चिरा येतात. पॉलिएस्टर पिवळे कमी पडते. त्याचे कोपरे काचेसारखे टवके उडून फुटतात आणि टवक्याची कड बोटाला धारदार लागते.

खात्री मात्र हात लावल्याशिवाय होत नाही. त्याची रीत सांगतो. घरी कुणालाही करता येईल. आधी नीट पिळलेल्या, जेमतेम ओल्या फडक्याने धूळ, धूर आणि तेलकटपणा पुसून घ्या. पुष्कळदा "काळे पडलेले पॉलिश" म्हणजे नुसता स्वयंपाकघराचा धूर निघतो. मग मागच्या कडेला, जिथे समोरचेच रोगण वळून गेलेले असते पण दिसत नाही, किंवा चावी काढून तिच्याखालच्या जागी, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने थेंबभर स्पिरिट लावा. थोडे थांबा. बोटाला चिकट लागले, काडी तपकिरी झाली, तर लाख. काहीच झाले नाही तर शेजारी दुसऱ्या काडीने थिनरचा थेंब. आता विरघळले तर नायट्रो. दोन्हींना दाद नाही तर पॉलिएस्टर किंवा अलीकडे कुणीतरी मारलेले पीयू. क्रम उलटा करू नका, थिनर लाखेलाही नरम करते आणि मग कशाने काय झाले ते कळत नाही.

या परीक्षेचा एक निकाल आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. पन्नाशीतला विलायती किंवा जर्मन सेट आणि वर लाख निघाली, तर सावध व्हावे. तोवर बहुतेक मोठे कारखाने फवाऱ्याकडे गेले होते. लाखेचा बोळा आपल्याकडचा. म्हणजे इथे आल्यावर कुणीतरी ती पेटी पुन्हा पॉलिश केली आहे. आणि लाख स्पिरिटने निघते, खालचे नायट्रो सहसा टिकते. वरचा अंगरखा काढला की खालचा मूळ पोशाख शाबूत मिळण्याची शक्यता असते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. त्याचे दादा कुवेतला होते. मरहूम होऊन बरीच वर्षे झाली. त्यांनी आणलेला ग्रुंडिग दिवाणखान्यात होता, काळपट-लाल, जवळजवळ कपाटाच्याच रंगाचा. बहिणीचे लग्न, घरात कंत्राटदार, आणि टीव्हीच्या कपाटाला मारतोय तेच पीयू रेडिओला मारायचे ठरलेले. आम्ही निमंत्रणाच्या निमित्ताने गेलो होतो. दादी कोपऱ्यात बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मास्तर, हा असा काळा नव्हता. मधाच्या रंगाचा होता." नातवंडे हसत होती. दादींना आता कमी दिसते, वय झाले, आठवणीत सगळेच सोनेरी होते, असा एकूण सूर.

आम्ही स्पिरिट मागितले, सुताराकडे होतेच. मागच्या कडेला काडी लावली, ती चहासारखी झाली. पुसले, दुसरी लावली. चार-पाच काड्यांनंतर नखाएवढी जागा उघडी पडली. खाली पिवळसर, पारदर्शक, अजून चमक असलेले रोगण आणि त्याच्याखाली अक्रोडाच्या रेषा. आता काडी कोरी येऊ लागली. तिथे थांबलो. दादींना पेटीजवळ आणले, टॉर्च धरला. त्यांनी बोट लावून पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. सुतारच म्हणाला, "सर, हे कुणीतरी कपाटाला मॅच करायला मारलंय. लाल रंग घालून." नंतर चौकशीत तेच निघाले. नवे कपाट आले त्या वर्षी गावातल्या पॉलिशवाल्याने उरलेल्या मालात रेडिओही उरकला होता.

त्या विद्यार्थ्याने पेटी कंत्राटातून काढली आणि लग्नानंतर चार रविवार बसून वरची लाख उतरवली. बोळा एका जागी फिरवत ठेवायचा नाही, तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, नरम झाले की लगेच कोरड्या कापडाने उचलायचे. स्पिरिट फार वेळ राहिले तर खालचे नायट्रोही जरा मऊ होते. वरच्या बाजूला फुलदाणीचा एक डाग निघाला तो राहू दिला आहे. मधाचा रंग सगळीकडे सारखा नाही. वर क्रोशाचा रुमाल असे तेवढा चौकोन गडद आहे, कारण अक्रोड उजेडाने फिके पडते. आम्हाला विचाराल तर तो रुमालाचा चौकोन हा त्या पेटीवरचा सर्वांत सुंदर भाग आहे. कंपनीचे सोनेरी नाव मूळ रोगणाखाली होते, ते जागेवर आहे. पॉलिश पेपर फिरला असता तर पहिल्या पाच मिनिटांत तेच गेले असते.

लाखेचीच पेटी असेल आणि ती खवल्यांची झाली असेल तरी घासायचे कारण नाही. स्पिरिटने किंचित ओला बोळा अलगद फिरवला की तीच लाख पुन्हा मऊ होऊन एकसारखी बसते. गरज पडली तर पातळ नवा हात. नायट्रोच्या चिरा आम्ही तशाच ठेवतो, फार तर साधे मेण. पॉलिएस्टरचा टवका उडाला असेल तर त्याच्या नादी लागू नये, जवळपास कुणी नीट बुजवून देईल असा हुनरवाला सापडणे कठीण. पावसाळ्यात खालच्या कडेचा विनिअर सुटून फुगला असेल तर बऱ्याचदा तो सरसाने चिकटवलेला असतो आणि सरस ऊब मिळाली की पुन्हा धरतो: वर सुती कापड, त्यावर कोमट इस्त्री, मग वजन. कोमट म्हणजे कोमटच. जास्त तापली तर लाख पांढरी पडेल. पेटीखाली पिवळी भुकटी दिसली तर लाकूड पोखरणारा किडा आहे, तो रेडिओ बाकीच्या फर्निचरपासून लगेच दूर करा.

डायलच्या काचेबद्दल वेगळे बजावून सांगतो. त्या काचेवरची अक्षरे मागच्या बाजूने रंगवलेली असतात आणि तो रंग फार कमजोर असतो. आमच्या ओळखीच्या एका घरी ईदच्या साफसफाईत सूनबाईंनी मोठ्या हौसेने काच काढून साबणाच्या पाण्यात धुतली. लंडन, कैरो, दिल्ली, सगळी शहरे नळाखाली वाहून गेली. काच मात्र अशी स्वच्छ झाली की विचारू नका. मागची बाजू पुसायचीच नाही. फार तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ उडवावी.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे. मुंबईत चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात असे सेट अजून दिसतात. तिथे एकाची पेटी आणि दुसऱ्याचे आतले यंत्र अशी लावून दिलेली लग्ने पुष्कळ असतात; चावीचे भोक आणि दांडा एका रेषेत नसेल तर संशय घ्या. पॉलिश नवे आहे का हे समोरून पाहू नका. स्पीकरच्या जाळीच्या कापडाच्या कडेला रोगणाचे डाग, स्क्रूच्या खाचेत साचलेले पॉलिश, पेटीच्या आत ओघळलेले थेंब, कंपनीच्या नावाची रिकामी जागा, यांवरून कळते. दुकानदार चकचकीत पेटीला जास्त भाव सांगतो. आम्ही ओरखडे असलेली, मळकट, कुणी हात न लावलेली उचलतो आणि त्याला वाटते गिऱ्हाईक फसले.

आणि कितीही मोह झाला तरी वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ घरी आणून लगेच प्लगमध्ये घालू नका. आतले जुने कपॅसिटर फुटू शकतात. त्याहून वाईट म्हणजे, त्या काळी बऱ्याच शहरांत डीसी वीज होती, कोलकात्याच्या जुन्या भागात तर कित्येक दशके राहिली, म्हणून एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे सेट पुष्कळ बनले. त्यांत आतल्या लोखंडी सांगाड्यात थेट मेनची वीज येऊ शकते. चावी निघालेली असेल तर तिच्या उघड्या दांड्याला, किंवा खालच्या स्क्रूला हात लावणेही जिवावर बेतू शकते. लहान मुले आहेत त्या घरी जाणकाराने पाहेपर्यंत वायर कापूनच ठेवावी. पेटी वायरीशिवायही सुंदर दिसते.

शेवटी कागदपत्रे. रेडिओला पूर्वी लायसन्स लागे, पोस्टातून मिळे; ते पुस्तक, दुकानाची पावती, मागच्या पुठ्ठ्यावरचा छापील कागद, असेल ते सांभाळा. नसेल तर घरात ज्यांना आठवते त्यांना आत्ताच विचारा: कुणी आणला, कोणत्या बंदरातून, कोणत्या साली, तेव्हा रंग कसा होता, पुढे पॉलिश कधी आणि कुणी केले. पेन्सिलने लिहा, शाई ओलीत पसरते. कागद पेटीत तळाशी ठेवा, व्हॉल्व्हपासून लांब, कारण ते चांगलेच तापतात.